उसनं पात्र घेण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि कराराचा मसुदा, दोन्ही नीट वाचले. लहानपणापासून ज्या पात्रावर तुझा जीव आहे, त्याची मराठी चित्रकथा काढायची संधी चालून आली आहे. तुझ्या अक्षरातूनही आनंद कळतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: घे. पण ते पात्र तुझ्याकडून जाईल तेव्हा तुझ्या प्रकाशनापाशी काय उरेल, याचा हिशेब सही करण्याआधी मांड. कारण आज ना उद्या ते जाणार, असंच धरून चाल.

या धंद्याची सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट अमेरिकेतल्या डार्क हॉर्स या कॉमिक्स प्रकाशनाची आहे. माइक रिचर्डसन यांनी 1986 मध्ये ओरेगॉनमध्ये ही छोटी संस्था काढली आणि दोनच वर्षांत ‘एलियन्स’ या चित्रपटाचं लायसन्स, म्हणजे त्यातली पात्रं वापरायचा परवाना घेऊन कॉमिक्स सुरू केलं. तोवर लायसन्सची कॉमिक्स म्हणजे बहुतेक वेळा चित्रपटाची घाईघाईत काढलेली नक्कल. रिचर्डसन यांनी चित्रपट संपतो तिथून पुढची गोष्ट सांगायची ठरवली. कृष्णधवल अंक, बेताचं भांडवल, पण वाचकाला जे दुसरीकडे मिळत नव्हतं ते इथे मिळालं. लायसन्स घेऊन काय करावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता पुढचं ऐक. त्या कॉमिक्समध्ये चित्रपटातली हिक्स आणि न्यूट ही दोन पात्रं पुढे जगत होती. 1992 मध्ये तिसरा चित्रपट आला आणि त्यात सुरुवातीलाच दोघं मेली. झालं, नंतरच्या आवृत्त्यांत हिक्सचा विल्क्स आणि न्यूटची बिली करावी लागली. लेखकाने कितीही जीव ओतलेला असो, मालकाच्या पुढच्या चित्रपटाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. एलियन आणि प्रेडेटर (दुसऱ्या चित्रपटातला परग्रही शिकारी) यांची झुंज तर आधी डार्क हॉर्सच्या पानांवर लागली, 1989 मध्ये. त्या झुंजीवर 2004 मध्ये चित्रपट आला, पण दोन्ही प्राणी कायम स्टुडिओचेच राहिले. खंडाने घेतलेल्या रानात तू आंबा लावलास तर झाड रानाच्या मालकाचं होतं, तसंच हे.

‘स्टार वॉर्स’ डार्क हॉर्सकडे 1991 पासून दोन दशकांहून जास्त काळ होतं. 2012 मध्ये डिस्नेने ‘स्टार वॉर्स’ची मालक लुकासफिल्म विकत घेतली आणि 2015 पासून ती कॉमिक्स डिस्नेच्याच मालकीच्या मार्व्हल या प्रकाशनाकडे गेली. डार्क हॉर्सचं काम चांगलं की वाईट, हा प्रश्नच नव्हता. मधल्या काळात आयला सेक्युरा नावाची एक जेडाय योद्धा त्यांच्या कॉमिक्समध्ये जन्मली, ‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकास यांना आवडली आणि 2002 च्या चित्रपटात आली. तीही अर्थात लुकासफिल्मचीच. पुढे डिस्नेने फॉक्स हा त्या दोघांचा मालक स्टुडिओ घेतल्यावर एलियन आणि प्रेडेटरही मार्व्हलकडे गेले. एवढं सगळं जाऊनही डार्क हॉर्स टिकली, कारण ‘हेलबॉय’ आणि ‘सिन सिटी’सारख्या, निर्मात्यांच्या मालकीच्या मालिका तिने शेजारीशेजारी वाढवल्या होत्या. माइक मिन्योला यांचा हेलबॉय प्रकाशकाच्या मालकीचा नाही, हे लक्षात घे. पण निर्मात्याशी नीट वागलं तर तो राहतो. स्टुडिओ विकला गेला की कोणाशी बोलायचं, तेही कळत नाही.

आणि लोकप्रिय पात्र हाती असूनही काय होऊ शकतं? टोरोंटोच्या ड्रीमवेव्ह या प्रकाशनाने 2002 मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’चं लायसन्स घेतलं, विक्री जोरात झाली, आणि जानेवारी 2005 मध्ये कंपनी बंद पडली. कित्येक चित्रकारांचे पैसे बुडाले. ते लायसन्स त्याच वर्षी आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं. लोकप्रिय पात्र हाती असणं आणि गल्ल्यात पैसे असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मला तुझ्या मसुद्यात स्पष्ट दिसतं, म्हणून गणितच करून दाखवतो. समज, अंकाची किंमत 150 रुपये, रॉयल्टी छापील किमतीच्या 8 टक्के, म्हणजे प्रतीमागे 12 रुपये. ऐकायला हलकं वाटतं. पण मिनिमम गॅरंटी, म्हणजे विक्री कितीही होवो मालकाला द्यावीच लागणारी किमान रॉयल्टी, 3 लाख असेल तर ती फिटायला 25,000 प्रती खपाव्या लागतील. आणि 5,000 च खपल्या तर प्रतीमागे 60 रुपये मालकाला गेले. निम्मी किंमत वितरक आणि दुकानदार घेतात, ते 75. तुझ्या हातात राहिले 15, त्यात कागद, छपाई, चित्रकार, अनुवादक. तेव्हा टक्केवारीवर घासाघीस करण्यात शक्ती घालवू नकोस, गॅरंटी खाली आण आणि ती हप्त्यांत मागून घे. परदेशी रॉयल्टीवरची करकपात कोणाच्या खिशातून, हेही आत्ताच विचार. मसुद्यातली रक्कम ‘कर वजा जाता’ अशी आहे, म्हणजे तो बोजा तुझ्यावरच टाकलेला आहे.

दुसरी गोष्ट मुदत संपल्यानंतरची. तुझ्या मसुद्यात उरलेल्या प्रती विकायला एकही दिवस दिलेला नाही. मुदत संपली की गोदामातला माल रद्दी. किमान सहा महिने मागून घे. पुनर्मुद्रण तर त्यानंतर विसरायचंच. पार्कर ब्रदर्सच्या खेळण्यावर आधारलेलं ‘रॉम’ मार्व्हलने 1979 पासून 75 अंक चालवलं. लायसन्स गेल्यावर मार्व्हलसारख्या बलाढ्य प्रकाशकालाही ते अंक कित्येक दशकं संग्रहरूपात काढता आले नाहीत. छोटं प्रकाशन जुन्या पुस्तकांच्या संथ विक्रीवर जगतं. लायसन्सची पुस्तकं त्या यादीत धरू नकोस.

मान्यतेच्या टप्प्यांबद्दल थोडक्यात: पटकथा, पेन्सिल, शाई, अक्षरलेखन, मुखपृष्ठ, प्रत्येक वेळी त्यांची संमती लागणार. किती दिवसांत उत्तर येईल हे मसुद्यात नाही, ते घालून घे. नाहीतर मुदतीचे महिने वाट पाहण्यातच संपतील.

स्थानिक बदलांची मुभा मात्र आग्रहाने माग. इंद्रजाल कॉमिक्स आठवतात ना? टाइम्स समूहाने 1964 मध्ये किंग फीचर्स या अमेरिकी संस्थेच्या फँटमपासून सुरू केलेली, मराठीतही निघणारी. आपला वेताळ तोच. त्यांनी गोष्टीतल्या बंगाला देशाचं डेंकाली केलं, वेताळाच्या वैऱ्यांचे, सिंघ चाच्यांचे सिंगा केले, भारतीय वाचकाची गल्लत होऊ नये म्हणून. आणि 1976 मध्ये त्याच अंकांमधून आबिद सुरतींचा बहादूर आला. केशरी कुडत्यातला, डाकूंशी लढणारा आपल्या मातीतला नायक. परक्या नायकांनी जमवलेल्या वाचकांपुढे आपला नायक उभा करणं, हे मला इंद्रजालचं सगळ्यात मोठं काम वाटतं. टाइम्स समूह काही छोटा प्रकाशक नव्हता, पण हे तू नक्की करू शकतोस.

त्यासाठी एक कलम बारकाईने वाच: ‘करारकाळात निर्माण झालेली सर्व पात्रं मालकाची.’ हे तू बदलू शकणार नाहीस, सगळे तसंच लिहितात. भारतात कॉमिक्स काढणाऱ्या गॉथमने 2004 मध्ये मार्व्हलच्या लायसन्सखाली मुंबईचा स्पायडरमॅन घडवला, पवित्र प्रभाकर. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचं काम. 2023 च्या चित्रपटात तो जगभर गाजला, मालक मार्व्हल. म्हणून तुझ्या मनात जी मुलगी घोळते आहे, जिच्याबद्दल तू दोन पानं लिहिलीस, तिला या मालिकेत पाहुणी म्हणूनही आणू नकोस. अंकाच्या शेवटची आठ पानं स्वतंत्र मागून घे, त्यावर तुझी वेगळी कॉपीराइट ओळ छाप आणि तिची गोष्ट तिथे सांग.

चित्रकार आणि अनुवादकाशीही लेखी करार कर, तोंडी भागणार नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मालकाला तू कायमचे आणि जगभरचे हक्क देणार आणि चित्रकाराकडून अर्धवट घेणार, तर मधल्या फटीत तूच सापडशील. आणि त्यांचं मानधन गॅरंटीच्या आधी बाजूला काढून ठेव. हे मी हात जोडून सांगतो.

अपवाद आहे, आणि तो सांगताना मला फार बरं वाटतं. सिडनीची फ्रू पब्लिकेशन्स ही छोटी संस्था 1948 पासून आपल्या वेताळाचेच अंक काढते आहे, लायसन्सवर, आजतागायत. इतका लांबचा संसार क्वचितच होतो.

मालकाला पत्र लिहिताना चार मुद्दे घे: गॅरंटीचे हप्ते, उरलेला माल विकायची मुदत, संमतीचे दिवस, शेवटची आठ पानं. त्यांचं उत्तर आलं की सुधारलेला मसुदा परिशिष्टांसह मला पाठव. आणि त्या मुलीची पुढची पानंही.

तुझा,
काका