केशर म्हणून लावलं, उगवलं भलतंच

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून ‘केशर’ म्हणून आंब्याचं कलम आणलं. यंदा फळ धरलं ते लिंबाएवढं, आंबट आणि दोऱ्याच दोऱ्या. नर्सरीवाले म्हणतात, नाशिकची माती मानवली नाही. हे खरं का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : मातीवर इतकं खापर फोडू नये, ती बिचारी बोलत नाही. पाणी-खत कमी पडलं तर केशर बारीक राहील, गोडीला कमी येईल, पण त्याचा रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला गावठी आंबा, होत नाही.

उद्या सकाळी झाडापाशी उकिडवे बसा. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला एक गाठ किंवा किंचित बाक दिसेल, वरची आणि खालची साल वेगळी वाटेल. तो कलमाचा जोड. त्याच्याखाली खुंट, म्हणजे रायवळ कोयीचं रोप, आणि वर केशरची काडी. आता फळं लागलेली फांदी कुठून निघाली ते बोटाने माग काढत बघा. जोडाखालून निघाली असेल तर वरची काडी कधीच वाळून गेली आणि खुंटाचा फुटवा झाड होऊन बसला. असं फार होतं. जोडाखालचे धुमारे पहिली दोन-तीन वर्षं दिसतील तसे खुडायचे असतात, हे विकताना कुणी सांगत नाही. अशा वेळी नर्सरीवाल्याला चोर म्हणू नका.

फांदी जोडाच्या वरून असेल तर मात्र काडीच केशरची नव्हती. आणि जोड कुठे सापडतच नसेल, तर कोयीचं रोप कलमाच्या भावात तुमच्या गळ्यात मारलंय. कोयीचा आंबा आईवर जाईलच असं नाही.

तक्रारीचं म्हणाल तर फळझाडांची रोपं विकायला परवाना लागतो, त्यासाठी महाराष्ट्रात १९६९पासून कायदा आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, त्याला दोन वर्षांची मुदत असते. पण दोन्हीकडे पहिला प्रश्न येणार, बिल कुठंय? आणि बिलावर बहुधा ‘आंबा १ नग’ एवढंच असतं. जात बिलावर लिहून घ्या. ‘लिहायची काय गरज, मी सांगतोय ना’ म्हणणाऱ्याकडून मी तरी रोप घेत नाही. पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर विसंबू नका, स्केचपेनचं अक्षर दोन पावसांत पुसतं. घरी आणल्यावर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने नाव दाबून लिहा, ते वर्षानुवर्षं टिकतं. पट्टी खोडाला आवळू नका, तारेने सैल अडकवा.

‘रत्नागिरी हापूस’ अशा पाट्यांबद्दलही लोक विचारतात. हापूसची जात नाशकात लावता येते. पण २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन कोकणातल्या जिल्ह्यांत पिकलेल्या फळाला आहे, रोपाला नाही. केशरही मूळचा जुनागढकडचा. तिथल्या नवाबाने १९३४मध्ये गराचा रंग पाहून त्याचं हे नाव ठेवलं. तुमच्या फळाचा गर पांढुरका पिवळा असेल तर काय ते समजा.

झाड मात्र तोडू नका. पाच वर्षांची मुळं फुकट का घालवायची? येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वरून छाटा, नवीन फूट तांबूस कोवळी असतानाच पावसाळ्याच्या तोंडावर खात्रीच्या झाडाची काडी आणून जाणत्या माळ्याकडून मृदुकाष्ठ कलम, म्हणजे त्या कोवळ्या फुटीवरच काडी बांधायचं कलम, करून घ्या.

प्रश्न : अंगणात अशोक लावायचा आहे. नर्सरीत सरळसोट उंच रोप दाखवलं. पंचवटीत राहून सीतेचा अशोक नको का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : तो उंच म्हणजे आसुपालव, कुंपणाला लावतात तो. त्याचं पान एकेकटं, लांबट, कडेला लाटा असलेलं. फूल हिरवट, पानांत शोधावं लागतं. सीताअशोकाचं पान संयुक्त, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. कोवळी पालवी तांबूस, मरगळल्यासारखी लोंबते. रोप सुकलंय समजून परत करू नका. फुलांचे नारिंगी-लाल गुच्छ थेट जुन्या फांद्यांवरही येतात. वाढ संथ असते आणि नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन कोवळ्या रोपाला झेपत नाही. पहिली दोन वर्षं दुपारची सावली लागेल. दुकानात ‘सीताअशोक’ असंच मागा, आणि पैसे देण्याआधी पान उलटून बघा.