आरवायएचबीचा बँड न दिसण्याबद्दल

डायपिरिडिल हे लोह बांधून ठेवणारं रसायन घालून जिवाणूंचं लोह तोडलं, आरएनएचा गुणवत्ता-आकडा नऊच्या वर आला, तरी नॉर्दर्न ब्लॉटवर (प्रोबने ठरावीक आरएनए ओळखायची चाचणी) आरवायएचबी, म्हणजे लोह कमी पडल्यावर जिवाणूत बनणारा आखूड आरएनए, दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नेमकं हेच दुखणं आमच्याही वाट्याला आलं होतं.

आरएनए सिलिका कॉलमने काढला असेल, तर आधी तिथेच बघा. बहुतेक साध्या किटमध्ये २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा आखूड रेणू कॉलमवर टिकत नाहीत. ई. कोलाय या जिवाणूचा आरवायएचबी ९०चा, ऑक्सिएस हा दुसरा आखूड आरएनए १०९चा. गुणवत्तेचा आकडा १६एस आणि २३एस या लांब रायबोसोमल आरएनएंवरून निघतो, त्यामुळे तो कितीही छान आला तरी आखूड आरएनए हातात आहेत का हे कळत नाही. युरिया जेलवर ५एस हा आखूड रायबोसोमल आरएनए बघा. तो १२०चा आहे. तोच फिका असेल तर प्रोब बदलत बसू नका.

आम्हाला सगळ्यात महागात पडली ती एक सिक्वेन्सिंग सुविधा, नाव घेत नाही. गरम फिनॉलने काढलेला आरएनए दिला, अर्जात ‘आखूड आरएनए हवेत’ असं ठळक लिहिलं. त्यांनी न विचारता तो पुन्हा कॉलममधून काढला. डेटात सॉडबी या जनुकाचा एमआरएनए घटलेला दिसत होता आणि तो घटवणारा आरवायएचबी मात्र जवळजवळ नव्हताच! विचारलं की प्रोटोकॉलची तीच पीडीएफ यायची. एका विद्यार्थिनीचं अख्खं सत्र वाया गेलं आणि प्रयोग आपलाच चुकला असं तिला वाटत राहिलं, याचा मला अजून राग येतो. नमुन्याचं काय काय केलं हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, असं माझं ठाम मत आहे.

माझा अनुभव ई. कोलायपुरताच, स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत आरवायएचबीचं काम पीआरआरएफ-१ आणि २ हे आखूड आरएनए करतात, तिथलं जाणकारांना विचारा.

कंट्रोल म्हणून फर जनुक काढलेला स्ट्रेन घ्याच. त्यात आरवायएचबीला दाबणारं फर प्रथिनच नसल्यामुळे लोह भरपूर असलं तरी आरवायएचबी बनतो. एचएफक्यू हे आखूड आरएनए टिकवणारं प्रथिन नसलेल्या स्ट्रेनमध्ये तो टिकत नाही, त्यामुळे तिथे बँड नाही म्हणून घाबरू नका. जिवंत पेशी थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं टाळा, थंडी हाही ताणच. डीएसआरए हा आखूड आरएनए तर कमी तापमानालाच वाढतो. त्याऐवजी पेशी जागीच थांबवायला ५ टक्के फिनॉल आणि ९५ टक्के इथेनॉलचं मिश्रण, कल्चरच्या एक-पंचमांश, थेट फ्लास्कमध्ये ओता.

अवक्षेपाला लिथियम क्लोराइड नको, आखूड आरएनए त्यात नीट खाली बसत नाहीत. सोडियम ॲसिटेट आणि तीन पट इथेनॉल घ्या, रात्रभर उणे २० अंशांना ठेवा.