उत्तरे जुळवून झाल्यावर

नाशिक

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सेटचा, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राज्य पात्रता परीक्षेचा, इतिहासाचा पेपर सुटल्यावर तुम्ही पाच जणी चहाच्या टपरीवर प्रश्नपत्रिका उघडून बसलात आणि तासाभरात तुझे गुण तीनदा बदलले, असे तू कळवलेस. उत्तरे जुळवू नयेत, असे मी सांगणार नाही. सांगितले तरी ते कोणी ऐकत नाही, आणि आम्हीही ऐकले नव्हते. एका परीक्षेत तर मी ज्याच्याशी उत्तरे जुळवली, त्याची पुस्तिका वेगळ्या संचाची होती, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले. तोवर रात्रभर मी नापास होऊन बसलो होतो.

मला खटकले ते एवढेच, की पाचांपैकी चौघींनी निवडलेला पर्याय तुम्ही बरोबर धरलात. गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचा प्रश्न घे. त्यात तिच्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती आहे म्हणून चौघींनी तो त्याच्याच कारकिर्दीत टाकला. परंतु लेखात वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे 19वे राज्यवर्ष दिलेले आहे, आणि पुळुमावीची ही आजी लेण्याचे दान नोंदवताना आपल्या दिवंगत मुलाचा पराक्रम सांगते आहे. तू एकटी बरोबर होतीस आणि तरीही ते 2 गुण तू स्वतःच्या हाताने वजा केलेस. हा लेख पांडवलेणीतल्या 3 क्रमांकाच्या लेण्यात आहे, म्हणजे तुमच्या टपरीपासून रिक्षाच्या अंतरावर.

जोगळटेंभीच्या नाण्यांवरून तुमच्यात झालेला वाद निराळ्या जातीचा आहे. 1906 साली सापडलेल्या त्या साठ्यातली 13 हजारांहून अधिक नाणी शक क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यांपैकी 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. तेव्हा ‘ही नाणी कोणाची’ एवढेच विचारले आणि पर्यायांत दोघेही असले, तर दोष तुमच्या अभ्यासाचा नाही, प्रश्नाच्या शब्दरचनेचा आहे. अशा प्रश्नावर मैत्रिणींशी भांडण्यापेक्षा उत्तरतालिका प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत हरकत नोंदव, आणि सोबत प्रमाणग्रंथाचे पान जोड. मार्गदर्शक पुस्तकाचे नव्हे.

कालक्रमाच्या प्रश्नात ‘चारांपैकी तीन मला येत होते’ हे समाधान मात्र सोडून दे. अभिनव भारत 1904, नाशिकचा कलेक्टर जॅक्सनचा वध 1909, काळाराम मंदिर सत्याग्रह 1930, आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा 1935, यांतली एक कडी निसटली की दोन्ही गुण जातात. कोणती कडी निसटली, ते समासात लिहून ठेव. एवढ्यापुरते जुळवणे उपयोगाचे आहे.

राहिला कट-ऑफ. दोन्ही पेपर मिळून 300 गुणांत खुल्या गटाला किमान 40 टक्के लागतात. पण तेवढे मिळाले म्हणजे पात्र ठरलो, असे नाही. दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी सुमारे 6 टक्केच पात्र ठरतात आणि त्या जागा विषय व प्रवर्गानुसार वाटल्या जातात. पाच जणींच्या गुणांवरून तो आकडा काढणे म्हणजे रामकुंडावर उभे राहून गोदावरीची लांबी सांगणे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, एवढे मात्र तुझ्या हिशेबात धर. तू तेही वजा केलेले दिसतात.

रविवारी सकाळी सातला प्रश्नपत्रिका घेऊन लेण्यांच्या पायथ्याशी ये. त्या चौघींनाही आण.

तुझे,
सर