चार तास हलवायचे नाहीत

रात्रपाळी करून दिवसा झोप लागत नाही, झोपेची कुठली गोळी घेऊ, असं विचारलंस. त्याच पत्रात तू सहज लिहून गेलास, ‘सुट्टीला तरी माणसासारखा रात्री झोपतो.’ घोळ तिथेच आहे. पाच दिवस सकाळी आठला झोपायचं आणि दोन दिवस रात्री अकराला! शरीरातलं घड्याळ दिवसाला जेमतेम तास-दीड तास सरकतं. ते सरकायला लागलं, की तू उलटं फिरवतोस.

म्हणून रोज झोपेतच जातील असे चार तास ठरव आणि ते हलवू नकोस. पाळी रात्री दहा ते सकाळी सहा असेल, तर सकाळी आठ ते बारा. कामाच्या दिवशी आठ ते तीन झोप. शेवटची रात्र संपली की त्या सकाळी बारालाच ऊठ. सुट्टीत पहाटे साडेतीनला आडवा हो आणि दुपारी बाराला ऊठ. म्हणजे आठ ते बारा रोजच झोपेत. पाहुणे येवोत, कुरिअर येवो, ते चार तास तुझे. हटवादीपणा वाटेल, वाटू दे. बाकीच्या युक्त्या याच्याच जोरावर चालतात.

खोलीत अंधार म्हणजे अंधार. दुपारी बाराला हात डोळ्यांसमोर धर. बोटं मोजता आली तर पडद्यावर आणखी एक जाड काळं कापड लाव, कडाही झाक. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेडात राहा. परतताना काळा चष्मा लाव, कारण सकाळचं ऊन ‘दिवस उगवला’ असं मेंदूला बजावतं. पण स्वतः गाडी चालवणार असशील आणि पेंग येत असेल, तर चष्म्याचा प्रश्नच नाही. गाडीला हात लावायचा नाही. आधी तिथेच वीस मिनिटं झोप.

चहा-कॉफी रात्री दोननंतर बंद. पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं, ते नेमकं आठ वाजता नडतं. पाळीत पहाटे तीनच्या सुमारास डुलकी काढलीस तर गजर वीस मिनिटांचाच लाव. जास्त झाली की गाढ झोपेतून उठतोस आणि डोकं जड राहतं. उठल्यावर पंधरा मिनिटं तरी यंत्राजवळ जाऊ नकोस. झोपेसाठी दारू नकोच. डोळा लवकर लागतो, पण मधेच उघडतो.

सलग दोन-तीनच रात्री असतील तर हे सगळं करू नकोस. घड्याळ दिवसाचंच राहू दे, पाळीआधी संध्याकाळी दीड तास झोपून जा. आणि पाळ्या फिरत्या असतील तर सकाळ, दुपार, रात्र हाच क्रम मागून घे. उलट्या क्रमात दर वेळी आदल्यापेक्षा लवकर झोपावं लागतं, आणि बहुतेकांना ते जमत नाही. साहेब कुरकुरतील, तरी माग.

जोरात घोरत असशील किंवा झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर हे पत्र बाजूला ठेव आणि डॉक्टरकडे जा. गोळीचंही त्यांनाच विचार. नाहीतर पुढच्या महिन्याचं पाळीपत्रक पाठव; चार तास कुठे बसतात ते बघू.