आजीवर लिहिणाऱ्या मुलीस

नाशिक

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चार पानं परवा मिळाली. आजीच्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची आहे, बाई, तेवढं शुद्धलेखन बघून द्या, असं चिठ्ठीत लिहिलं आहेस. ते बघितलं. ऱ्हस्वदीर्घ पेन्सिलीने सुधारून ठेवले आहेत. पण पानं तशीच परत द्यायला मन होईना, म्हणून लिहायला बसले.

पहिल्या पानावर 'त्यागमूर्ती' आहे, दुसऱ्यावर 'मायेचा सागर', तिसऱ्यावर पुन्हा 'त्यागमूर्ती'. शेवटी 'कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ'. यातला एकही शब्द खोटा नाही, हे मला माहीत आहे, कारण तुझ्या आजीला मी पाहिलं आहे. तुझे बाबा आठवीत माझ्या वर्गात होते, १९७९-८० साली. त्या एकदाच शाळेत आल्या. दाराबाहेर चपला काढल्या, आत आल्या आणि बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. 'पोरगा अभ्यासात कुठं कमी पडतो तेवढं सांगा,' म्हणाल्या. मी गणित म्हटलं. मान हलवली आणि गेल्या. पंचेचाळीस वर्षं झाली, मला त्यांच्या लुगड्याचा रंगही आठवतो. तुझ्या चार पानांत मात्र ती बाई मला भेटली नाही. पेपरात श्रद्धांजलीच्या चौकटी येतात ना, त्यातल्या कुठल्याही फोटोखाली ही पानं चालतील. म्हणून हा खटाटोप.

तू मुखपृष्ठासाठी म्हणून त्यांच्या हिशेबाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो जोडला आहेस. 'जुनं छान दिसतं' असं खाली लिहिलं आहेस. मी भिंग घेऊन ते पान वाचलं. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, गिऱ्हाइकं आहेत, पण नावं नाहीत, 'कोपऱ्यावरची मास्तरीण', 'डॉक्टरीणबाई', 'राममंदिराजवळची' अशा खुणा आहेत. मापाच्या जागी '२॥' लिहिलं आहे. तुला ते कळलं नसेल. दोन आणि पुढे दोन दंड, म्हणजे अडीच. जुने हिशेबनीस असं लिहायचे. तुझे आजोबा भांड्याच्या दुकानात हिशेब लिहीत असत, म्हणजे चौथी शिकलेल्या आजीला ही खूण त्यांनीच शिकवली असणार. बाबांना विचारून घे. त्याखाली 'पो. फी', म्हणजे पोरांची फी असणार, आणि आकडा, बरोबरची खूण. त्याखाली 'चप्पल १८', आणि त्यावर आडवी रेघ मारलेली. रेघ सरळ आहे, घाईने मारलेली वाटत नाही. ते पान मुखपृष्ठावर शोभेला नको लावूस. आतल्या लिखाणाची सुरुवात तिथून कर. वहीची बाकीची पानं कुठे आहेत? एकेक वाच, ती चप्पल पुढे कुठल्या महिन्यात घेतली ते शोध. सापडलं तर लिही, नाही सापडलं तर तेही लिही.

तिसऱ्या पानावर एक वाक्य तू सहज लिहून गेली आहेस: 'आजी आजोबांच्या जुन्या धोतरावर बिबडे घालायची.' आणि पुढच्याच ओळीत 'ती सुगरण होती' म्हणून विषय संपवलास. अगं, थांब की तिथे! आजोबा गेले १९७४ला. कसं ठरवलं सांगते. तुझी मोठी आत्या म्हणते, बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी. बाबा म्हणतात, मी तिसरीत होतो. दोन्ही जुळतं. म्हणजे तिशीतली बाई, पदरात तीन मुलं, तांबट गल्लीतल्या वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या, दिवसभर खालून तांबटांची ठोकठोक. बिबडे ही तिची माहेरची, खानदेशची विद्या. ज्वारी भिजत घालायची, तीन दिवस रोज पाणी बदलायचं, उपसून भरडायची, मोठ्या पातेल्यात आधण ठेवून लसूण, मिरची, तीळ घालून घाटा शिजवायचा. मग गच्चीत खाटेवर ओलं धोतर पसरायचं आणि हात पाण्यात बुडवून चटके सोसत एकेक बिबडा थापायचा, कारण घाटा गार झाला की तो पसरत नाही. सुकल्यावर कापडाला मागून पाणी लावून अलगद सोडवायचा. ज्या माणसाचं धोतर, तो गेलेला. त्याच्याच धोतरावर त्याच्या मुलांची फी वाळत पडलेली. ते धोतर विरलं तेव्हा तिने काय केलं? दुसरं आणलं की ठिगळं लावली? हे तुझ्या आत्याला नक्की ठाऊक असेल. मुलींना अशा गोष्टी ठाऊक असतात.

मी हे इतक्या कळकळीने का सांगते आहे, त्याचं कारण माझ्या घरातलं आहे. माझी आई निफाड तालुक्यातली, शेतकऱ्याची बायको. ती गेली तेव्हा मी पंधरा दिवसांत तिच्यावर लेख लिहिला, छापूनही आला. सोशिक, देवभोळी, उभा जन्म चुलीपुढे गेला, असा. लोकांनी फोन करून कौतुक केलं. वर्षश्राद्धाला गावाकडच्या एक वयस्कर बाई जेवायला बसल्या होत्या. वाढताना मला म्हणाल्या, 'लेख वाचून दाखवला आम्हाला नातवाने. पण चांदवडचं नाही लिहिलं तुम्ही.' मी विचारलं, कुठलं चांदवड? तेव्हा कळलं. नोव्हेंबर १९८६ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला झालं, तेव्हा आमच्या वस्तीवरच्या अकरा बायकांना माझी आई घेऊन गेली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, भाकऱ्या बांधून. घरी काय सांगून गेली, कुणाचा विरोध होता, सभेत काय ऐकलं, परतल्यावर काय झालं, मला काहीच माहीत नाही. मी तेव्हा नाशकात नोकरीला होते, दिवाळीला घरी जाऊन आले होते. ती एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आणि लाल बिल्ला तिच्या बटणांच्या डब्यात होता! संघटनेचा तो गोल बिल्ला मी लहानमोठी बटणं शोधताना कितीदा हातात घेतला असेल. भावाचा असेल असं धरून चालले. तो आता माझ्या टेबलावर आहे, हे पत्र लिहिताना समोर आहे. अकरांतल्या ज्या बाईंनी मला हे सांगितलं त्याही पुढच्या पावसाळ्यात गेल्या. मला अजून दोन वेळा तरी त्यांच्याकडे जायला हवं होतं. माझा तो लेख कुणी दाखवला की मला वाईट वाटतं. त्यात आई आहे, पण ती बाई नाही.

तेव्हा तुझ्या आजीचंही आई व्हायच्या आधीचं काहीतरी शोध. तिचं माहेरचं नाव तुझ्या चारही पानांत नाही. सासरी आल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, त्या दिवशी आधीचं पुसलं गेलं. भावंडं तिला शेवटपर्यंत कोणत्या नावाने हाक मारायची? तू लिहितेस, ती एकटी असताना अहिराणीत पुटपुटायची. काय पुटपुटायची, चार शब्द तरी आठव. तुला 'अठे ये' म्हणायची ना? मग 'इकडे ये' असं लिहू नकोस, तिच्या तोंडचं तसंच राहू दे. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव मिळणार नाही. ते रजिस्टर मीच भरत असे, त्यात आईच्या नावाचा रकानाच नव्हता. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आता मुलाच्या नावामागोमाग आईचं नाव येतं. तुझ्या आजीला ते मिळालं नाही, तर तुझ्या पुस्तिकेत पहिल्या पानावर तिची दोन्ही नावं घाल.

जन्मतारीख तू १ जून लिहिली आहेस. तिच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि गुरुजी सोयीची तारीख टाकायचे. नुसती 'शाळेतली नोंद' म्हण आणि पुढे जा. बाकीचे सन लावताना सिंहस्थाचा आधार घे, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना तोच आठवतो. १९८०, १९९१, २००३, २०१५. 'अमकं झालं तेव्हा वाड्यात कुंभमेळ्याचे पाहुणे होते का' असं विचारलं की उत्तर पटकन येतं. रामकुंडावर अस्थी घेऊन गेलात तेव्हा तीर्थोपाध्यायांनी कुळाची वही काढली होती का? त्यांच्याकडे गावागावांच्या नोंदी असतात. आजीच्या माहेरचं कुणी पूर्वी दशक्रियेला नाशकात आलं असेल तर तिच्या आजोबांची सहीसुद्धा सापडायची. अशा वहीत बाई बहुधा कुणाची तरी आई किंवा पत्नी म्हणूनच येते, पण धागा मिळतो.

'२००८च्या पुरात आजीने सगळ्यांना धीर दिला.' हे वाक्य खोड. तू नऊ वर्षांची होतीस, तुला दिसलेलं लिही. गोदावरीतला दुतोंड्या मारुती पाण्यात बुडाला म्हणून गल्लीत ओरडा झाला तेव्हा ती काय करत होती, हातात काय होतं.

आता जरा अवघड दोन गोष्टी. तू लिहिलं आहेस की आजीने माहेरच्या जमिनीवरचा हक्क भावांना हसत सोडून दिला, कारण तिचं मन मोठं होतं. असेलही. पण हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या किती बहिणी खरंच हसत असतात, हे मी तालुक्याच्या गावात पाहिलं आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६च्या कायद्यापासून आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर आला तो २००५ला. सही केली नाही तर माहेरचं दार बंद, राखीपौर्णिमेला भाऊ येणार नाही, ही भीती कुठल्याच कायद्याने गेली नाही. तीन मुलं एकटीने वाढवणाऱ्या बाईने ती दोन एकर सोडली, तर त्याची किंमत तिने कशात भरली ते तिच्याच वहीत दिसतं आहे. कुणावर आरोप करू नकोस, मामेआजोबांची मुलं पुस्तिका वाचणार आहेत हे मला कळतं. फक्त 'हसत' हा शब्द काढ. सही केली एवढं लिही, साल लिही.

दुसरं तुझ्या आईचं. चार पानांत आई एकदाच आहे, 'आईनेही तिची खूप सेवा केली'. मला बाबांनीच मागे सांगितलं होतं की सासूसुनेचं पहिली दहाबारा वर्षं जमलं नाही. आजी तिखट होत्या, हे मीही एका भेटीत ओळखलं होतं. आणि शेवटी पडल्यावर दोन वर्षं त्यांचं अंथरुणातलं सगळं तुझ्या आईने केलं. त्या दहा वर्षांतून ही दोन वर्षं कशी आली, ते तुझ्या आईलाच विचार. स्वयंपाकघरात, दोघीच असताना, भाजी निवडताना विचार. फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग करू नकोस, ती बोलणार नाही. तिने 'हे छापू नको' म्हटलं तर छापू नकोस. पण ऐकलेलं असेल तर तुझं एकेक वाक्य बदलेल. मायेची माणसं कडकही असतात. नातवंडांवर जीव ओवाळणारी आजी सुनेला घालून पाडून बोलली असेल, तर ती आजी खोटी ठरत नाही. तुझी माया तेवढी घट्ट आहे, तिला हे पेलेल.

व्हॉट्सॲपवर आजींनी तुला पाठवलेले आवाज आहेत म्हणालीस. आजच्या आज ते दुसरीकडे काढून ठेव. फोन बदलताना असे आवाज कायमचे जातात, माझ्या ओळखीत दोन घरांत गेले आहेत. त्यात त्या आधी 'हॅलो' म्हणून उत्तराची वाट बघतात आणि मग बोलतात, हे तू हसून सांगितलं होतंस. ती वाट बघणारी शांतता कापू नकोस.

पुस्तिका वर्षश्राद्धाला झाली नाही तरी चालेल. दिवस ठरलेला आहे म्हणून अर्धवट छापू नकोस, त्या दिवशी पान वाढ, नैवेद्य दाखव, बिबडे तळ. छापणं दिवाळीलाही होईल.

आधी अमळनेरला फोन कर. आजीची धाकटी बहीण आहे ना तिथे? आजीचं माहेरचं नाव, लग्नाचं साल, तांदळात लिहिलेलं नाव, हे सगळं आता त्या एकाच माणसाकडे आहे. वय झालंय, दुपारी झोपतात, संध्याकाळी ऐकू कमी येतं. सकाळी आठच्या आत कर, चहा झाल्यावर. आणि पहिल्यांदा बिबड्यांचं विचार.

तुझ्या बाबांच्या बाई