पोलीस निर्दोष सुटला, मग भरपाई कशाची?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत अलाबामा राज्यात नोकरीला आहे. नातवाला सांभाळायला मी आणि माझे यजमान सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे निघालो आहोत. त्याच राज्यात, असेच नातवासाठी आलेल्या एका गुजराती आजोबांना पोलिसाने रस्त्यात जमिनीवर आपटले आणि तो पोलीस पुढे निर्दोष सुटला, असे ऐकले. सर्व काही कॅमेऱ्यात दिसत असताना तो सुटला कसा? मग शहराने पैसे कशाबद्दल दिले? आणि आजोबा भारतीय होते, तर वर्णभेदाचा संबंध येथे कुठे येतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण प्रकरणाची सुरुवात तेथूनच होते. 6 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी मॅडिसन या गावात 57 वर्षांचे ते गृहस्थ मुलाच्या घराजवळ फुटपाथवरून फेरफटका मारत होते. सतरा महिन्यांच्या नातवाला सांभाळायला हातभार लागावा म्हणून ते नुकतेच भारतातून आले होते. त्यांना पाहून शेजारच्या एका रहिवाशाने पोलिसांना फोन केला आणि एक सडपातळ काळा माणूस घरांजवळ फिरतो आहे, याला पूर्वी कधी पाहिलेले नाही, असे सांगितले. पोलीस आले तेव्हा आजोबा ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’ असे सांगत मुलाच्या घराकडे हात करत होते. थोड्याच वेळात एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरले आणि त्यांना तोंडावर जमिनीवर आपटले. मानेच्या मणक्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि तरीही अंगात काही प्रमाणात लुळेपणा राहिलाच. गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलेले ते दृश्य पाहताना सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की पडल्यानंतर पोलीस त्यांना उठवून उभे करू पाहतात आणि त्यांचे पाय अंगाचा भार घेत नाहीत.

आजोबा कोणत्या देशाचे हे फोन करणाऱ्याला ठाऊक नव्हते. त्याला अनोळखी माणसाच्या कातडीचा रंग दिसला आणि तेवढ्यावरून साधे चालणेही संशयास्पद ठरले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिक पिढ्यान् पिढ्या जी तक्रार करत आले आहेत ती नेमकी हीच आहे. आपल्यापैकी अनेकांना वाटते, की तो वाद गोऱ्या-काळ्यांचा, आपला त्याच्याशी संबंध नाही. या एका फोनने तो समज पुरता खोडून काढला आहे.

आता निकालाविषयी. गावच्या पोलीसप्रमुखांनी जाहीर माफी मागितली, राज्याच्या गव्हर्नरनी भारत सरकारकडे खेद व्यक्त केला. त्या पोलिसावर संघराज्याच्या कायद्याखाली फौजदारी खटला चालला. तेथे नुसता बळाचा अतिरेक दाखवून भागत नाही. पोलिसाने समोरच्याचा घटनादत्त हक्क जाणूनबुजून हिरावला, हे निःसंशय सिद्ध व्हावे लागते आणि ज्युरीतील सर्वांचे एकमत व्हावे लागते. दोन वेळा खटला चालला, दोन्ही वेळा एकमत झाले नाही आणि जानेवारी 2016 मध्ये न्यायाधीशांनी पुरावा अपुरा ठरवून आरोपीला मुक्त केले. शिवाय 1989 च्या ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी अशी, की बळाचा वापर घटनास्थळी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेतून जोखावा, मागाहून शहाणपणाने नव्हे, कारण त्याला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. ‘आजोबा हात सोडवून घेऊ पाहत होते’ एवढा बचाव मग काही ज्युरींना पुरतो. तो पोलीस पुढे पुन्हा खात्यात रुजू झाला, हे मला आजही पटत नाही.

दिवाणी दावा हा वेगळा रस्ता आहे. 1871 चा एक कायदा, जो मुळात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेच्या अत्याचारांना आळा घालण्यासाठी झाला, सरकारी अधिकाऱ्याने हक्क डावलल्यास नागरिकाला भरपाई मागू देतो. पण न्यायालयांनी 1967 पासून त्यात ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ नावाचे संरक्षण घातले : आधीच्या निकालांवरून ते कृत्य बेकायदा असल्याचे स्पष्ट ठरलेले नसेल, तर दावाच पुढे सरकत नाही. आपल्याकडे सरकारी नोकरावर खटला भरण्यास शासनाची पूर्वमंजुरी लागते, त्याच्याशी याची गल्लत करू नये. ती मंजुरी फौजदारी खटल्यापुरती आहे, हे संरक्षण भरपाईच्या दाव्यापुरते. या प्रकरणात मात्र न्यायालयाने पोलिसाला ते संरक्षण नाकारले, 2020 मध्ये अपील न्यायालयानेही नाकारले आणि 2021 मध्ये साडेसतरा लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे त्याच चित्रफितीवर फौजदारी खटल्यात आणि दिवाणी दाव्यात दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे वेगळी आली. सहसा असे पैसे पोलिसाच्या खिशातून जात नाहीत. शहर किंवा त्याची विमा कंपनी भरते. कोलोराडो राज्याने 2020 मध्ये कायदा करून राज्यापुरते हे संरक्षण काढले आणि वाईट हेतूने वागलेल्या पोलिसावर मर्यादित वैयक्तिक भारही टाकला. मला तो रास्त वाटतो.

मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या मृत्यूबद्दल डेरेक शॉविन या पोलिसाला मात्र साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, ती का, असे आपण विचाराल. तेथे शॉविनचा गुडघा फ्लॉइड यांच्या मानेवर 9 मिनिटे 29 सेकंद होता, त्यामुळे ‘क्षणार्धात निर्णय’ हा बचाव टिकण्यासारखा नव्हता. शिवाय शहराच्या पोलीसप्रमुखांनी न्यायालयात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, जे फार क्वचित घडते. आणि हेही ध्यानात घ्यावे, की 25 मे 2020 रोजीच्या त्या घटनेबद्दल पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनात मृत्यूचे कारण प्रकृती बिघडणे असे सुचवले होते, गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. रस्त्यावर उभ्या सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रण केले नसते, तर तेच निवेदन दप्तरी राहिले असते.

आपण काय काळजी घ्यावी, तेही सांगतो, जरी पोलिसाने नीट वागावे याचा भार आजी-आजोबांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पासपोर्टची प्रत आणि मुलाचे नाव, पत्ता, फोन लिहिलेला कागद जवळ ठेवावा, पोलिसाने हटकल्यास थांबावे, हात मोकळे दिसू द्यावेत, खिशात घालू नयेत. आणि पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलाला सांगून दोन्ही बाजूंच्या व समोरच्या घरी जाऊन या. नातवाला कडेवर घेऊन गेलात तर उत्तम. मॅडिसनमध्ये फोन करणाऱ्याने त्या आजोबांना त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.