'होमोफोबिया'ला मराठीत काय म्हणावे : भय, द्वेष की पूर्वग्रह?

समलैंगिक व्यक्तींना धर्मसंस्था, शाळा, राजकारण आणि नोकरी या चार ठिकाणी ज्या विरोधाला तोंड द्यावे लागते, त्याविषयीच्या एका मार्गदर्शक पुस्तिकेचा मराठी अनुवाद एक वाचक करीत आहेत. मूळ मजकुरात 'होमोफोबिया' हा, समलैंगिकांविषयीची घृणा किंवा वैरभाव या अर्थाचा, इंग्रजी शब्द पानोपानी येतो. त्यासाठी 'समलिंगभय' घ्यावा की 'समलैंगिकद्वेष', आणि जो घेऊ तो चारही प्रकरणांत चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे मत आधीच नोंदवून ठेवणे बरे. 'समलिंगभय' घेऊ नये. 'समलैंगिकद्वेष' जिथे खरोखरच द्वेष आहे तिथे निःसंकोच घ्यावा. सर्वसाधारण नाव म्हणून 'समलैंगिकांविषयीचा पूर्वग्रह' हा थोडा लांब पण अचूक शब्दप्रयोग वापरावा. आणि जिथे कोणीतरी कोणाला तरी काढून टाकले आहे, छळले आहे किंवा दाराबाहेर ठेवले आहे, तिथे यांपैकी कोणत्याही नामाच्या आडोशाला न जाता काय केले ते सरळ क्रियापदाने सांगावे. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

'समलिंगभय' या समासाचा विग्रह केला तर 'समान लिंगाचे भय' असा अर्थ निघतो, म्हणजे पुरुषाला पुरुषांचे आणि स्त्रीला स्त्रियांचे वाटणारे भय. अभिप्रेत अर्थ तो नाही. मूळ इंग्रजी शब्दातला पूर्वार्ध हा 'होमोसेक्शुअल' या शब्दाचा तोडलेला तुकडा आहे आणि त्याचे घटकशः भाषांतर केले की हा घोळ होतो. तेव्हा समास करायचाच असेल तर पूर्वपद 'समलैंगिक' हेच हवे. ('समलैंगिक' हे रूप अशुद्ध असून 'समलिंगी' हेच शुद्ध, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. 'सम' अधिक 'लैंगिक' अशी फोड केली की तो उरत नाही. दोन्ही रूपे रूढ आहेत, एका पुस्तिकेत एकच ठेवावे इतकेच.)

खरी अडचण उत्तरपदाची आहे. 'होमोफोबिया' हा शब्द अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज वाइनबर्ग यांनी १९६० च्या दशकात घडवला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे तो सर्वतोमुखी झाला. त्या काळात समलैंगिकता हाच मनोविकार मानला जात असे; अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तो शेरा १९७३ मध्ये मागे घेतला आणि जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगसूचीतून समलैंगिकता १७ मे १९९० रोजी वगळली. ज्यांना रुग्ण ठरवले जात होते त्यांच्यावरून बोट काढून, त्यांच्याविषयी घृणा बाळगणाऱ्यांकडे ते वळवणे, हे त्या शब्दाचे ऐतिहासिक काम होते आणि ते त्याने चोख बजावले. पण त्या कामाचे ओझे मराठी शब्दाने वाहावे असे नाही. मराठीत 'फोबिया'ला 'भयगंड' हा चांगला, रुळलेला शब्द आहे. उंचीचा भयगंड, बंद जागेचा भयगंड असे आपण म्हणतो, तेव्हा त्रास होतो तो भयगंड असलेल्याला, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याच्याविषयी सहानुभूती निर्माण होते. येथे नेमके उलट आहे. एखाद्या मुख्याध्यापकाच्या मनातल्या घृणेचा त्रास त्या मुख्याध्यापकाला होत नाही, तो वर्गातल्या मुलाला होतो. 'भय' म्हटले की ज्याने दुखावले तोच बिचारा ठरतो. इंग्रजीतल्या अभ्यासकांनाही 'भय' ही कल्पना अपुरी वाटली होती; ग्रेगरी हेरेक या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली 'भय' सोडून 'पूर्वग्रह' या संकल्पनेवर आधारलेली संज्ञा सुचवली.

शब्दाची पारख करण्यासाठी एक वाक्य घ्यावे. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टूटू २०१३ मध्ये म्हणाले होते की जो देव 'होमोफोबिक' आहे त्याची पूजा मी करणार नाही, आणि स्वर्ग तसा असेल तर तिथे जायला मी नकार देईन. येथे 'समलैंगिकांचा भयगंड असलेला देव' असे भाषांतर करून पाहिले की ते किती निरर्थक आहे हे कानालाच कळते. 'समलैंगिकांचा द्वेष करणारा देव' म्हटले की टूटूंच्या बोलण्यातला जळजळीत नकार जसाच्या तसा मराठीत उतरतो. म्हणजे 'द्वेष' हा शब्द कमकुवत नाही. तो फक्त सगळीकडे खरा नाही. आपल्या मुलाचे लग्न कसे होणार या काळजीने रडणारी आई द्वेष करीत नसते. तिच्या मनात पूर्वग्रह असतो, तो तिने स्वतः तयार केलेला नसतो, आणि तो जाऊ शकतो. तिला 'द्वेष्टी' म्हणणारी पुस्तिका ती दुसऱ्या पानावर मिटून ठेवील.

आता शाळेचे प्रकरण. पुस्तिकेतल्या ज्या वाक्याचा मसुदा प्रश्नकर्त्यांनी दिला आहे ते असे आहे : 'शाळेत होमोफोबियाचा सामना करणाऱ्या विद्यार्थ्यांना आधार द्यावा.' या वाक्यात त्रास देणारा कोणीच नाही. होमोफोबिया जणू वातावरणात पसरलेला आहे आणि विद्यार्थी त्याचा सामना करीत आहेत. मी ते असे लिहीन : 'समलैंगिक असल्यामुळे, किंवा तसे समजले गेल्यामुळे, ज्या विद्यार्थ्याला इतर विद्यार्थी अथवा शिक्षक त्रास देतात, त्याच्या पाठीशी शाळेने उभे राहावे आणि त्रास देणाऱ्यांना थांबवावे.' वाक्य लांबले आहे, पण आता त्यात त्रास देणारे दिसतात आणि शाळेने करायचे कामही दिसते. 'तसे समजले गेल्यामुळे' हे शब्द गाळू नयेत. चालण्याबोलण्यावरून ज्याला 'बायल्या' म्हटले जाते तो मुलगा समलैंगिक असेलच असे नाही, कित्येकदा त्या वयात त्याचे त्यालाही ठाऊक नसते. छळ मात्र त्याच्या वाट्याला पुरेपूर येतो.

छळ हा शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. मराठीत अशा प्रसंगांसाठी 'चिडवणे', 'चेष्टा', 'मस्करी', 'खोड्या' असे हलकेफुलके शब्द हाताशी असतात आणि 'मुले चिडवतात, तिकडे लक्ष द्यायचे नाही' हे वाक्य त्यांच्यामुळेच सहज तोंडातून निघते. एकदा केलेली थट्टा चेष्टा असू शकते. रोज, टोळीने, एकाच मुलाला गाठून केलेली गोष्ट छळ असते. त्याचप्रमाणे घडल्या प्रकाराची नोंद करताना 'अपशब्द वापरले' असे मोघम लिहू नये, जो शब्द वापरला तो अवतरणचिन्हात जसाच्या तसा लिहावा. शिवी सभ्य केली की तक्रारही सौम्य होते.

शाळेशीच निगडित आणखी एक शब्द आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, तो म्हणजे 'अनैसर्गिक'. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याच्या बातमीत 'अनैसर्गिक अत्याचार' आणि 'अनैसर्गिक कृत्य' हे शब्द आजही सर्रास येतात. त्यांचा उगम १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधील 'निसर्गक्रमाविरुद्ध' या शब्दरचनेत आहे. त्या कलमाने दोन प्रौढांचे राजीखुशीचे संबंध आणि बालकावरील अत्याचार एकाच नावाखाली आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. कलम गेले, पण त्याचा शब्द बातम्यांत राहिला, आणि तो वाचणाऱ्याच्या मनात समलैंगिक माणूस व बालकांवर अत्याचार करणारा माणूस यांची नकळत सांगड घालीत राहिला. समलैंगिक शिक्षकाविषयी पालकांच्या मनात जी शंका चटकन उभी राहते, तिला हा शब्द खतपाणी घालतो अशी माझी खात्री आहे. अत्याचार मुलीवर झाला की 'लैंगिक अत्याचार' आणि मुलावर झाला की 'अनैसर्गिक अत्याचार', हा भेद करण्याचे कोणतेही कारण नाही. दोन्हीकडे गुन्हा संमती नसण्यात, आणि बालकाच्या बाबतीत त्याच्या वयात आहे.

'कबुली' हा शब्दही असाच डोळ्यांत तेल घालून टाळला पाहिजे. 'अमुक खेळाडूने आपण समलैंगिक असल्याची कबुली दिली' अशी वाक्यरचना इतकी अंगवळणी पडली आहे की ती लिहिणाऱ्याच्या मनात काही वावगे असेलच असे नाही. परंतु कबुली गुन्ह्याची असते, चोरीची असते, चुकीची असते. 'सांगितले' किंवा 'जाहीर केले' एवढे पुरेसे आहे. 'समलैंगिकतेकडे वळला', 'त्या नादाला लागला' या प्रयोगांत जणू कोणी वाट चुकला आहे असे गृहीत आहे, आणि 'बरा झाला' म्हटले की आजाराचा शिक्का परत बसतो.

धर्मसंस्थांविषयीच्या प्रकरणात शब्द अधिक जपून वापरावे लागतील, कारण तेथे 'पाप', 'गुन्हा' आणि 'विकार' या तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये समलैंगिक असणे हा गुन्हा नाही असे सांगितले, आणि पाप व गुन्हा यांत फरक करायला हवा हेही त्याच मुलाखतीत म्हटले. कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण समलैंगिक संबंधांना अयोग्य मानते आणि त्याच मजकुरात समलैंगिक व्यक्तींशी अन्याय्य भेदभाव होता कामा नये असेही बजावते. अनुवादकाने ही गुंतागुंत सपाट करू नये. धर्मवचनाचा एखादा अर्थ लावणे याला 'भूमिका' म्हणता येईल, मग ती कितीही अमान्य असो. पण एखाद्याला प्रार्थनेला येऊ न देणे किंवा त्याच्या कुटुंबाशी व्यवहार तोडणे याला 'भूमिका' म्हणणे ही पळवाट आहे. त्यासाठी मराठीत 'बहिष्कार' आणि 'वाळीत टाकणे' हे नेमके शब्द आहेत. श्रद्धाळू समलैंगिक व्यक्तींना हा फरक फार जवळून माहीत असतो, कारण त्यांना देव सोडायचा नसतो आणि माणसांनी मात्र त्यांना सोडलेले असते.

नोकरीच्या प्रकरणात पूर्वग्रह स्वतःच्या नावाने जवळजवळ कधीच येत नाही. तो कार्यालयीन भाषेत येतो. अमेरिकेत १९५३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने सरकारी नोकरांच्या चौकशीच्या निकषांत 'लैंगिक विकृती' हे शब्द घातले आणि त्या एका शब्दजोडीवर असंख्य माणसांच्या नोकऱ्या गेल्या. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कामेनी यांना १९५७ मध्ये सैन्याच्या नकाशा विभागातून काढले गेले. त्यांनी न्यायालयीन लढा दिला, तो हरले, तरी लढणे सोडले नाही, आणि सरकारने त्यांची माफी मागितली ती २००९ मध्ये. मराठीच्या अभ्यासकांना अधिक जवळचे उदाहरण श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठीचे प्राध्यापक होते आणि कवी होते. २०१० च्या फेब्रुवारीत काही जणांनी त्यांच्या घरात घुसून त्यांचे खासगी क्षण चित्रित केले, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते घुसखोरी ज्यांच्या घरात झाली त्या सिरसांना. कारण दिले गेले 'गैरवर्तन'. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिल रोजी निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर काही दिवसांतच ते त्यांच्या घरी मृतावस्थेत आढळले. 'गैरवर्तन' हा शब्द तेथे काय काम करीत होता हे ज्याला दिसते, त्याला 'कार्यालयाच्या वातावरणात बसत नाही', 'प्रतिमेला शोभत नाही' या शेऱ्यांचाही अर्थ लागतो. पुस्तिकेने असे शेरे उद्धृत करावेत आणि त्यांच्याखाली 'भेदभाव' हा शब्द स्पष्टपणे लिहावा.

राजकारणाविषयी थोडक्यात. तेथे लक्ष ठेवण्याजोगा शब्द 'प्रचार' हा आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कलम २८ ने स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा 'प्रसार' करण्यास मनाई केली, आणि समलैंगिक जोडप्याच्या घराला 'दिखाऊ कुटुंब' ठरवणारी भाषा कायद्यात आणली. स्कॉटलंडमध्ये ते २००० मध्ये आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ मध्ये रद्द झाले, तोवर छळ होणाऱ्या मुलाशी या विषयावर बोलावे की नाही याचीच धास्ती शिक्षकांनी घेतली होती. रशियाने २०१३ मध्ये अल्पवयीनांपुढील 'प्रचारा'वर बंदी घातली आणि २०२२ मध्ये ती सर्व वयांसाठी वाढवली. ज्याचा प्रचार होऊ शकतो ते मत असते, आणि मत बदलायला लावता येते, असे गृहीतक या शब्दात दडलेले आहे. म्हणून अशा कायद्यांचे वर्णन करताना 'प्रचार' अवतरणचिन्हातच ठेवावा.

राहता राहिले मसुद्यातले 'सामना करणे'. ते चूक नाही, पण त्यापेक्षा 'तोंड देणे' मला पसंत आहे, आणि तेही फक्त तेव्हा, जेव्हा ती व्यक्ती खरोखर काही करीत असते : तक्रार नोंदवते, संघटना उभारते, न्यायालयात जाते, किंवा वर्गात उठून बोलते. जिथे तिला काही करण्याची सोयच नव्हती तिथे 'सोसावे लागले' म्हणावे. पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी मी सुचवीन : 'समलैंगिकांविषयीचा पूर्वग्रह : धर्म, शाळा, राजकारण आणि नोकरीत त्याला तोंड देताना'. 'होमोफोबिया' हा शब्द वाचकांना इतरत्र भेटणारच आहे, म्हणून पहिल्या प्रकरणात एकदा देवनागरीत द्यावा, त्याचा अर्थ सांगावा, आणि पुढे मराठी शब्द वापरावेत.